सिस्टरांच्या दारावरचं चक्र

जगात टाकाऊ असं काही नसतं, यावर आमच्या शेजारच्या सिस्टरांइतका विश्वास ठेवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. नव्वदच्या दशकात त्या नगरहून बदली होऊन वसमतच्या सरकारी दवाखान्यात आल्या आणि आमच्या गल्लीत काही फेकून देण्याची सोयच उरली नाही. मोडक्या छत्रीच्या काड्यांवर त्यांनी घोसाळ्याचा वेल चढवला, फुटक्या बादलीत तुळस लावली. एकदा इंजेक्शन देता देता त्यांनी पेशंटला विचारलं, "ही चपलेची बक्कल तुम्हाला लागणार आहे का?" त्या विचारात सुई कधी टोचली, ते त्या बिचाऱ्याला कळलंच नाही.

गल्लीत ख्रिश्चन घर त्यांचं एकटीचं. एका वर्षी कुठल्याशा मासिकात त्यांनी ईस्टरला दारावर लावायचं फुलापानांचं चक्र पाहिलं आणि तसंच करायला घेतलं. कपाशीच्या वाळक्या काड्या, म्हणजे पऱ्हाट्या, भिजवून गोल वाकवल्या, त्यांवर कापसाची वाळकी, उकललेली बोंडं आणि हळदीची पानं बांधली, मधेमधे पांढरी फुलं खोवली. ईस्टरच्या पहाटे ते दाराला टांगलं आणि त्या अंघोळीला गेल्या.

समोर एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हरमामा राहत. नळाच्या पाण्यावरून त्यांचं सिस्टरांशी इतकं वाकडं होतं, की भांडणापुरतंच बोलणं उरलेलं. असलं गोल चक्र मामांनी आयुष्यात एकाच ठिकाणी पाहिलं होतं, मोठ्या माणसाच्या प्रेतावर. ते बनियनवरच बाहेर आले, दाराकडे पाहिलं आणि पायरीवर बसून ढसाढसा रडू लागले. "अरे, बाई गेल्या रे! काल तर नळावर भांडून राहिल्या होत्या!"

बघता बघता गल्ली गोळा झाली. कुणी बांबू आणायलाही निघालं. तेवढ्यात दार उघडून ओल्या केसांनी सिस्टर बाहेर आल्या.

"काय झालं? कोण गेलं?"

"तुमीच!" मामा कसेबसे म्हणाले.

सगळा घोटाळा कळल्यावर सिस्टर हसत सुटल्या. "अहो मामा, आज मरायचा नाही, मेलेला उठायचा सण आहे!"

"मंग तसं दारावर लिहावं न बाई! काहून आमचा जीव घेता?" मामा डोळे पुसत म्हणाले. त्या दिवशी त्यांनी सिस्टरांकडे पहिल्यांदा चहा घेतला, आणि पुढे दर वर्षी ईस्टरच्या आधी शेतातली बोंडं तेच आणून देऊ लागले. नळावरचं भांडण मात्र दोघांनीही सोडलं नाही.

सिस्टर निवृत्त होऊन नगरला निघाल्या, तेव्हा टेम्पोभोवती सगळी गल्ली जमली. मामा तेवढे दार लावून आत. मी बोलवायला गेलो.

"म्या न्हाई येत," ते आतूनच म्हणाले. "त्या बाईसाठी माझं एकदा रडून झालंय. पुन्हा कोण ती तकलीफ घेईल?"

टेम्पो वळणापाशी पोचला, तेव्हा मामांच्या दाराची आतली कडी निघाली.