बर्फाखालच्या माशांचं वय सांगणारे गजभिये सर

डॉ. प्रल्हाद गजभिये सरांची आणि माझी पहिली भेट दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या मराठी उपाहारगृहात, सुरमईच्या एका तुकड्यावरून झाली. मी तेव्हा लातूरहून स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी दिल्लीत आले होते आणि रविवारी घरच्या चवीसाठी तिथे जेवायला जात असे. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी माझ्या ताटाकडे बघून विचारलं, की या माशाचं वय काय असेल? दिल्लीत अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, असं आईने बजावलं होतं. पण प्रश्न मराठीत आला, तेव्हा आईचा नियम लागू होतो की नाही हे मला कळेना. मासा ताजा आहे की शिळा एवढंच मला कळतं, असं मी म्हटलं. त्यावर त्यांच्या समोर बसलेल्या बाई खळखळून हसल्या. त्या सुमेधाताई, सरांच्या पत्नी. डोकं असतं तर सांगता आलं असतं, असं सर अगदी मनापासून हळहळत म्हणाले. माशाच्या कानात एक खडा असतो, तो माशाबरोबर वाढतो आणि त्यावर झाडाच्या बुंध्यासारखी वलयं उमटतात, हे ज्ञान मला त्या दुपारी झालं.

परीक्षेत माझं काही जमलं नाही. निकालाच्या दिवशी सरांनी माझी समजूत वगैरे काढली नाही. त्यांनी थेट लातूरला माझ्या वडिलांना फोन लावला आणि सांगितलं, की मुलगी नापास झालेली नाही, माझ्याकडे कामाला लागली आहे. मला ही बातमी वडिलांकडून कळली. तेव्हापासून मी विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात, त्यांच्या प्रयोगशाळेत आहे.

सर भंडाऱ्याकडचे. बालपण तलावाकाठी गेलं, तेव्हा मासे ओळखीचेच. आयुष्य मात्र वेचलं ते अंटार्क्टिकाच्या समुद्रातल्या माशांवर. रक्त गोठू नये याची सोय अंगातच घेऊन जन्मलेले हे मासे सगळंच सावकाश करतात. सावकाश वाढतात, उशिरा वयात येतात, अंडी घालतात ती मोजकी पण टपोरी, आणि त्यातून पिल्लं बाहेर यायला महिनोन्‌महिने लागतात. एकदा विभागात आलेल्या एका बड्या अधिकाऱ्यांनी हिंदीत विचारलं, की इतक्या दूरच्या माशाची जन्मपत्रिका दिल्लीत बसून मांडायची कशाला? सर शांतपणे म्हणाले, की जो मासा एवढ्या उशिरा वयात येतो, तो त्याआधीच जाळ्यात सापडला तर त्याच्यामागे कुणी उरत नाही. किती धरायचे आणि किती सोडायचे हे ठरवायला आधी वय कळावं लागतं. अधिकारी ‘बिल्कुल, बिल्कुल’ म्हणत चहाकडे वळले.

सर वयाचे अभ्यासक, तर ताई अंड्यांच्या. पण कानातले खडे वाचताना दोघं एक होत. या कामाची एक रीत आहे. एकाने सूक्ष्मदर्शकाखाली वलयं मोजायची आणि आकडा मनात ठेवायचा. मग दुसऱ्याने, पहिल्याचा आकडा माहीत नसताना, तोच खडा मोजायचा. दोघांचं जुळलं तरच वय खरं. नाहीतर पुन्हा मोजणी, आणि तरीही जुळलं नाही तर तो मासा बाद. सर आणि ताई ही रीत इतकी कडक पाळत, की सरांचं मोजून झालं की ते उठून थेट व्हरांड्यात जात. कारण ताईंचं म्हणणं, की यांच्या चेहऱ्यावर आकडा दिसतो. घरीही तेच. कलिंगड गोड निघेल का, यावर दोघं आधी एकमेकांना न सांगता मत ठरवत, आणि कापेपर्यंत आम्हा पाहुण्यांना नुसतं ताटकळत बसावं लागे.

गेल्या हिवाळ्यात सुमेधाताई गेल्या. न्यूमोनियाचं निमित्त झालं. हे वाक्य लिहायला मला अजून जड जातं.

तेराव्या-चौदाव्याचा घोळ सरांच्या घरी नव्हता. साधी बुद्धवंदना झाली आणि थोड्याच दिवसांत सर गुरुग्रामहून मेट्रोने विभागात आले. कुणाशी न बोलता त्यांनी एक खडा काचेखाली ठेवला, मोजला आणि उठून व्हरांड्यात गेले. तिथे ते कठड्याला टेकून थांबले. ताईंची खुर्ची रिकामी होती. सर वाट बघत होते. आम्ही सगळे आपापल्या जागी मान खाली घालून बसलो. बऱ्याच वेळाने त्यांचं त्यांनाच उमगलं. ते आत आले, सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला, त्यावर कापड घातलं आणि घरी गेले. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसरा वाचक म्हणून मी बसू का, असं नंतर मी सरांना विचारलं. ते नको म्हणाले. पुढे बरेच दिवस ते विभागात फिरकले नाहीत.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथालाही त्यांचा नकारच होता. समितीची मंडळी घरी गेली, तेव्हा एका काकांनी चांगल्या मनाने म्हटलं, की आपण शतायुषी व्हावं.

“काहून?” सर म्हणाले. “थंडीत जो जास्त जगतो, तो सुखातच असतो असं थोडंच आहे?”

मंडळी चहा घेऊन उठली, ग्रंथ मात्र काढायचाच असं ठरवून.

त्यांना पुन्हा विभागात आणलं ते शबानाने. ही ताईंची शेवटची विद्यार्थिनी, परभणीची. तिचा प्रबंध अर्धवट राहिला होता आणि अंड्यांतलं कळणारं दुसरं कुणी विभागात नव्हतं. ती एका सकाळी कागदांचा गठ्ठा घेऊन गुरुग्रामला गेली. सर म्हणाले, की मला यातलं काही येत नाही. ती म्हणाली, मलाही येत नाही, सर. मग सरांनी या वयात ताईंचा विषय पहिल्या धड्यापासून शिकायला घेतला. शबानाचा विषय असा: बर्फाखालच्या काही जातींत मादी अंड्यांपाशी राखण करत बसते, त्यांच्यावरची घाण काढते, खायला आलेल्यांना हाकलते. ती नाहीशी झाली तर दुसरा मासा, बहुधा नर, येऊन तिच्या जागी बसतो आणि पिल्लं बाहेर येईपर्यंत हलत नाही. पुढचं वाचकांनी मनातल्या मनात म्हणावं. सरांना विज्ञानात माणसं घुसडलेली खपत नाहीत.

आता ते रोज येतात. ताईंच्या खुर्चीत बसत नाहीत, शेजारी स्टूल ओढून घेतात. अंगाने फार वाळले आहेत. डबा उघडतात आणि तसाच बंद करतात.

गेल्या महिन्यात माझ्या लक्षात आलं, की शबानाचं काम कधीचंच संपत आलं आहे, फक्त शेवटचं प्रकरण ती लिहीतच नाही. आज आलेख बदलायचाय, उद्या संदर्भ तपासायचेत. मी तिला चहाला खाली नेलं आणि जरा रागावलेच. तिने कप हातात तसाच धरून ठेवला.

“सर पहिल्याच दिवशी म्हणाले, तुझं होईपर्यंत आहे मी,” ती म्हणाली. “मग मी कसं संपवू?”

सर, आपल्याला निरोगी दीर्घायुष्य लाभावं, असं या पानावर लिहायची रीत आहे. आपल्याला ते नको आहे हे ठाऊक असूनही मी ते लिहिते आहे, कारण आम्हाला ते हवं आहे. फक्त एक करा. हा लेख वाचून झाला की शबानाला हाक मारा आणि तिला सांगा, की तिचं झाल्यावरही आपण आहात. ते ऐकल्याशिवाय ती लिहायला बसणार नाही.