साहेबाचा कोट

शहरात कुत्र्यांना कपडे घालायचं खूळ शिरलं, तेव्हा शेजारच्या दोन शिंप्यांनी माणसांची शिलाई जवळजवळ सोडूनच दिली. स्वेटर काय, टोप्या काय, वाढदिवसाचे झगे काय! मास्तरांच्या शिलाईच्या दुकानातही लोक कुत्री घेऊन यायचे. मास्तर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "त्याला अंगाबरोबरच कपडे मिळालेत. तुम्हाला काही शिवायचं असेल तर बोला." गिऱ्हाईक फणकाऱ्याने निघून जायचं आणि आत बायको कपाळाला हात लावायची.

"दिवसभर माश्या मारत बसता. त्यापेक्षा कुत्रा काय वाईट?"

"मी माणसांचा शिंपी आहे," मास्तर म्हणायचे. संपला विषय.

खरं तर ते एकाच कोटासाठी थांबले होते. मुलगा मोठ्या शहरात नोकरीला होता, त्याचं लग्न ठरलं होतं. लग्नातला त्याचा कोट आपल्या हातचा, हे मास्तरांनी तो पाळण्यात असल्यापासून ठरवून टाकलं होतं. अस्तरासाठी रेशमी कापड आणून ठेवलं होतं त्यालाही दहा वर्षं झाली. मुलाचा उजवा खांदा किंचित उतरता होता. शाळेच्या गणवेशापासून मास्तर त्या बाजूला आतून एक पातळ पट्टी लावत आले होते. आपला खांदा उतरता आहे हे खुद्द मुलालाही ठाऊक नव्हतं.

लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा मुलगा दोन दिवसांसाठी आला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पट्टा आणि पट्ट्याला होणाऱ्या बायकोचा कुत्रा. त्याला सगळे साहेब म्हणायचे.

"माझा कोट तिकडेच शिवला, बाबा. तिच्या घरच्यांचं नेहमीचं दुकान आहे, मोठं. हे उरलेलं कापड. साहेबाला अगदी तसाच कोट हवाय, फोटोसाठी. पण त्या दुकानात कुत्र्याचं शिवत नाहीत म्हणे."

"मीही शिवत नाही."

"बाबा, प्लीज. तुमच्याशिवाय कोण करणार?"

हे वाक्य मुलाच्या तोंडून ऐकायला मास्तरांनी तीस वर्षं काढली होती. आलं ते असं आलं. त्यांनी गळ्यातली टेप काढली, दुखरे गुडघे सांभाळत जमिनीवर बसले आणि कुत्र्याची छाती मोजली. कुत्रा गुणी होता, हलला नाही. मुलगा लहानपणी मापाला कधी असा उभा राहिला नव्हता. गिऱ्हाइकांच्या वहीत मास्तरांनी लिहिलं: साहेब, छाती बावीस. मग कपाट उघडलं.

"अहो, ते रेशमी कशाला?" बायकोचा आवाज चिरकला.

"आता कुणासाठी ठेवायचं?"

शिवायचं म्हटल्यावर वाईट शिवणं त्यांना येत नव्हतं, हीच तर खोड. दोनदा फिटिंग झालं, काजं हाताने झाली.

लग्नाच्या हॉलमध्ये मुलाचे सासरे हात पसरून पुढे आले. आजवर फक्त फोनवर भेटलेले. "काय म्हणतो तुमचा कपड्यांचा कारखाना?"

मास्तरांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा बुटाची लेस बांधायला वाकला.

"चाललाय," मास्तर म्हणाले.

मुलाच्या त्या महागड्या कोटाला उजव्या खांद्यावर झोळ पडला होता. मास्तरांना राहवेना. सुईदोरा खिशात असायचाच. मुलाला कोपऱ्यात गाठून ते म्हणाले, "दोन टाके घालतो, कुणाला कळणार नाही."

"हात नका लावू, बाबा. सगळे बघताहेत."

तेवढ्यात साहेब आत आला आणि हॉलमधल्या माना तिकडे वळल्या. नवरी खाली वाकली, कोटाची कड उलटून तिने अस्तर पाहिलं, काजांवरून बोट फिरवलं. पोरीला नजर होती.

"किती सुरेख! कुणी शिवला रे हा?"

"आहे आमच्याकडे एक म्हातारा शिंपी," मुलगा म्हणाला. "करतो असलं काहीबाही."

म्हातारा शिंपी दोन हातांच्या अंतरावर उभा होता. बायकोने त्यांची बाही घट्ट धरली.

"बाबा, तुम्ही ओळखता त्यांना?" नवरी मास्तरांकडे वळली. "मला त्यांना भेटायचंय. असं काम करणाऱ्याला समोर जाऊन सांगायला हवं."

मुलाचा चेहरा पांढराफटक पडला. लहानपणी काही फोडलं की तो असाच बघायचा. मास्तरांना त्याची कीव आली आणि त्या किवेचीच चीड आली.

"ओळखत होतो," ते म्हणाले. "आता तो शिवत नाही."

मुलाने सोडलेला श्वास त्यांना ऐकू आला. तो पुढे आला आणि कितीतरी वर्षांनी त्याने बापाच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला. मास्तरांना तो झटकून टाकावासा वाटला. पण समोर फोटोग्राफर "हसा, हसा" म्हणत होता. मास्तर हसले.