दोन मिनिटांच्या आत घाट

आज सकाळी वसंतकाका गेले.

कमेंटमध्ये 'शांतपणे विश्रांती घ्या' वगैरे लिहू नका. विश्रांतीचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं.

रडायचं ते मी सकाळीच रडून घेतलंय. आता त्यांच्या विजयाची गोष्ट सांगते. त्यांनी स्वतः ती अख्ख्या ठाण्याला सांगितलीय, आणि दर वेळी तो घाट थोडा जास्तच चढा केलाय.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. राहायला वर्तकनगर, मानपाड्याला स्वतःचं छोटं लेथचं वर्कशॉप.

आणि एक लाल, उघडी, दोन सीटची जुनी स्पोर्ट्स कार.

कल्याणच्या एका भंगारवाल्याकडे तिच्यावर कोंबड्या बसायच्या. काकांनी ती उचलून आणली आणि अकरा वर्षं खपून उभी केली. जो पार्ट मिळाला नाही, तो लेथवर स्वतः बनवला.

काकू म्हणायची, "माझ्या गुडघ्यांकडे एवढं लक्ष दिलं असतं, तर मी पण पळाले असते."

दर हिवाळ्यात काका तिला हौशी लोकांच्या हिल क्लाइंबला घेऊन जायचे. घाटाचा रस्ता बंद करतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि खालून वर जायला किती वेळ लागला ते मोजतात. नऊ वळणं.

काकांचा हट्ट एकच. दोन मिनिटांच्या आत वर पोचायचं.

एकदा दोन मिनिटं तीन सेकंद. एकदा दोन मिनिटं एक. आणि एकदा दोन मिनिटं अर्धा सेकंद!

त्या अर्ध्या सेकंदापायी माणूस आठवडाभर धड जेवला नाही.

मग हार्टचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. काकांनी मान डोलावली, घरी आले, त्या वर्षीचा फॉर्म भरला आणि ड्रायव्हर म्हणून माझं नाव टाकलं. मला न विचारता.

"काका, अहो, मी ऑफिसला स्कूटरवर जाते!"

"तुला गाडी मी एमआयडीसीच्या रस्त्यांवर शिकवलीय. त्या खड्ड्यांपुढे घाट काय आहे?"

वळणं पाठ करायची त्यांची पद्धत वेगळीच होती. प्रत्येक वळणाला कॉलनीतल्या माणसाचं नाव.

साळवी सर म्हणजे लांबलचक, संपता संपत नाही.
शिंदे वहिनी म्हणजे समोरून गोड, आत शिरलं की आवळतात.
थोरले जोशी शांत, ब्रेक न लावता जाऊ देतात. धाकटे जोशी एकदम भडकतात.

यातले सगळे माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. सॉरी. नावं काकांनी ठेवलेली, मी फक्त पाठ केली.

आता, हे दोघे जोशी दिसायला डिट्टो सारखे, हे कॉलनीचं जुनं दुखणं. घाटातही तेच. दोन्ही वळणं डावीकडे, दोन्हीला पांढरा कठडा.

पहिल्या फेरीत मी त्यांची अदलाबदल केली. थोरल्यांपाशी उगाच ब्रेक मारला आणि धाकट्यांपाशी मारलाच नाही.

गाडी गर्रकन फिरली आणि कडेला रचलेल्या टायरमध्ये घुसली. मला खरचटलंही नाही. पण पुढचं मडगार्ड चाकावर दाबलं गेलं होतं.

गाडी ओढून खाली आणली. दोनच फेऱ्या मिळतात, त्यातली एक वाया गेली होती.

"काका, मी नाही करत आता. तुमच्या अकरा वर्षांचं भंगार होईल."

काका खुर्चीवर बसलेले. "भंगारातूनच आणलीय. परत गेली तर ओळखीच्या ठिकाणी जाईल. पहार घे आणि मडगार्ड ओढ."

मी ओढत होते, ते बसल्या जागेवरून सूचना देत होते. मडगार्ड चाकापासून सुटलं, तेव्हा हळूच म्हणाले, "हे बघ, पुढच्या वर्षी मी असेन नसेन. मला ती एकदा दोन मिनिटांच्या आत गेलेली बघायचीय गं."

शुद्ध ब्लॅकमेल. मी जाम चिडले आणि हेल्मेट घातलं.

"तळमजल्यावर कुठले जोशी राहतात?" काकांनी विचारलं.

"थोरले."

"आणि वरच्या मजल्यावर?"

"धाकटे."

"मग? तू खालून वरच चढतेयस ना?"

दुसऱ्या फेरीत थोरल्यांना लांबूनच नमस्कार केला आणि सुसाट गेले. धाकट्यांपाशी आधीच ब्रेक, गिअर खाली, मग पुन्हा पाय दाबला. त्यानंतरचं फारसं आठवत नाही. वर पोचले तेव्हा मी एकटीच किंचाळत होते, एवढं नक्की.

वेळ खाली जाहीर होते. वर थांबलेल्याला काही कळत नाही. सगळ्या गाड्या झाल्या की रांगेने खाली सोडतात. ती पंधरा-वीस मिनिटं मी कशी काढली, माझं मला माहीत.

खाली आले तर काका खुर्चीवर नव्हते. रस्त्याच्या मधोमध उभे होते, हात वर करून. आधी एक बोट. मग पाच. मग आठ.

एक मिनिट अठ्ठावन्न!

लोक टाळ्या वाजवत होते. काका ढसाढसा रडत होते आणि रडता रडता माझ्यावरच ओरडत होते, "शेवटच्या वळणाला पाय उचललास! इथपर्यंत ऐकू आलं मला!"

गाडी दर वर्षी टेम्पोत घालून, ताडपत्री टाकून घरी यायची. त्या दिवशी काकांनी टेम्पो रिकामा पाठवला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या गाडीत डावीकडे बसले.

"चल. घरापर्यंत चालवत ने."

दारावर नंबर चिकटवलेला, मडगार्ड वाकडं, तसेच ठाण्यात शिरलो. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने विचारलं, "काका, रेस आहे काय?"

"होती," काका म्हणाले. "जिंकली."

खरं तर आमच्या गटात आम्ही चौथे आलेलो.

मी तेव्हा काही बोलले नाही. आजही बोलणार नाही. जिंकलात तुम्ही, काका.

मनापासून निरोप. जय भीम.