खुणेखालची सात पोरं
हिरवा बांबू चिरल्याचा वास आला की सुप्याच्या रानातलं ते खेडं आठवतं. देवी टोचायला मी दुसऱ्या वर्षी तिथं गेलो, तेव्हा उंची मोजायला खुणा पाडलेल्या हिरव्या बांबूशी पोरं उभी करून गावच्या सुईणीला ऐटीत म्हणालो, "मावशी, गेल्या साली या खुणेखाली सात पोरं होती, औंदा एकही नाही. पोरं वाढली!" तिनं माझ्या हातातला बांबू घेतला, मला नदीकाठी नेलं आणि मातीच्या सात लहान ढिगाऱ्यांशेजारी तो आडवा ठेवला. "ती सात हितं हाईत, सायब. किडकिडीत हुती, हिवतापात गेली. दांडगी तेवढी उरली." त्यानंतर पेन्शनीत निघेपर्यंत प्रत्येक गावात मी आधी गेल्या सालच्या यादीतल्या पोरांची नावं मोठ्यानं पुकारली आणि मगच बांबू उभा केला.