धुतलेली गच्ची आणि उडदाचे पापड

गच्चीला वॉटरप्रूफिंगचा रंग द्यायला चितेगावहून येणारा तो गडी गच्चीशी दुखणेकऱ्याशी वागावं तसा वागायचा. हातोडीच्या दांड्यानं ठोकायचा, कान लावायचा आणि पोकळ आवाज आला की हळहळायचा, "इथं दुखतंय हिला."

सुटलेला गिलावा काढून, भेगा भरून त्यानं गच्ची घासून धुतली. "वाळू द्या. उद्या रंग. तवर कुणी वर चढायचं नाय."

इतकी लख्ख गच्ची बघून माझी नियत फिरली. बायकोनं तेलाच्या हातानं लाटलेले पापड मी थेट गच्चीवरच वाळत घातले. चादर अंथरायचाही कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी तेलाचे गोल डाग बघून तो मटकन खालीच बसला. "काका, तेलावर रंग धरतो व्हय? पोपडे निघतील समदे!"

"थोडंसंच तेल होतं."

"मग गळंलबी थोडंसंच!"

पावसाळा तोंडावर, आणि आता हा काम सोडून जाणार, अशी माझी खात्री झाली. पण त्यानं एक पापड मोडून तोंडात टाकला, डाग काढायला धुण्याचा सोडा मागितला आणि घासायचा दुसरा ब्रश माझ्या हातात दिला.

रंग पक्का वाळल्यावर तो पुन्हा आला. सोबत घरच्या ओल्या पापडांचा डबा आणि दोन चादरी.

"तुमच्या गच्चीवर ऊन लई झ्याक पडतं," तो म्हणाला. "दुसरी चादर तुमची."