डपटरामचं तोंड कुणाकडे

हास्य माणसाला अमर करतं, असं आमच्या पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, गुढियारीतल्या बागेचं उद्घाटन करताना सांगितलं. बाग म्हणजे चार बाकं आणि फायबरचे तीन पुतळे, एका जुन्या हिंदी साप्ताहिकातल्या चित्रपट्टीतले. हवालदार डपटराम, दर आठवड्याला त्याच्या हातून निसटणारा चोर, आणि चोराच्या बाजूनं भुंकणारा कुत्रा. अमर झालेल्या कुत्र्याची शेपटी भाषण संपायच्या आत तुटली.

मी शकुन-चमत्कार असल्या गोष्टी मानत नाही. माझी थोरली बहीण तर मुळीच नाही. विदर्भातून इथे, हिंदी मुलखात आलेलं आमचं बौद्ध कुटुंब. ताईच्या घरी नारळ फुटतो तो चटणीसाठी. तिचं घर बागेसमोरच. पुतळ्यांसाठी कडुनिंब तोडू नका, म्हणून ती एकटीच भांडली होती.

उद्घाटनाला दंडा उगारलेला डपटराम रस्त्याकडे बघत होता. दुसऱ्या सकाळी... ताईच्या फाटकाकडे. मिस्त्रीनं तो फिरवून पाय काँक्रीटमध्ये पक्के केले. काँक्रीट वाळलं, आणि हा पुन्हा फाटकाकडे. चौथऱ्याला चीर नाही — मी स्वतः चाचपून पाहिलं. चित्रात डपटराम हसायचा. ताईच्या ओसरीतून नुसते दात दिसायचे.

शेजारची साहूदीदी नारळ घेऊन आली.

"दीदी, पेड़ के लिए आपने जो बोला था न, वो लग गया उसको. एक नारियल फोड़ दो."

"कार्टूनले?" ताईनं विचारलं.

"अब तो तिलक लग गया है. भगवान ही समझो."

"माह्या बापानं मंदिरात नाही फोडला. मी या हवालदारासमोर काहून फोडू?"

त्या दिवसापासून मोहल्ल्यानं ताईशी बोलणं टाकलं. फाटकाला शेण फासलं गेलं, ओसरीचा दिवा दगडानं फुटला.

"ताई, चाल माह्याकडे काही दिवस," मी म्हटलं.

"गेली तं हे घर गेलं समज. थो पुतळा काही करून नाही राहिला. माणसं करून राहिले."

रविवारी दुपारी पार्षद पंचवीस-तीस माणसं घेऊन आले. ताईला चौथऱ्यापाशी बोलावून त्यांनी तिच्या हातात नारळ दिला. "फोड़ दीजिए, बात खतम." मागून कुणीतरी म्हणालं, "नहीं तो घर खाली करो."

ताईनं नारळ पार्षदांच्या हातात परत ठेवला. "तुमचा पुतळा, तुम्हीच फोडा." आणि आत जाऊन तिनं फाटक लावलं.

गर्दी तिच्या पाठीकडे बघत होती. मीही. वळलो तेव्हा डपटरामचा दंडा पलीकडे, पार्षदांच्या घरावर उगारलेला. मी हातभर अंतरावर उभा होतो... काही ऐकू आलं नाही. काँक्रीट तसंच, अखंड.

सिलतऱ्याच्या कारखान्यातल्या एका इंजिनिअर मित्राला आणून दाखवलं. त्यानं वाकून पाहिलं, चहा घेतला, गेला.

ताई तिथेच राहते. मोहल्ला तिच्याशी अजून बोलत नाही. पार्षदांनी त्याच संध्याकाळी नारळ फोडला, नंतर आणखी फोडले. डपटराम हलला नाही. शेवटी त्यांनी आपल्या घराचं फाटक मागच्या गल्लीत काढलं.