चैतूभाऊंच्या दारावरची खूण

चैतूभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट बघायचे आणि मग माणसांकडे वळायचे. चौकट कोरी दिसली की म्हणायचे, "घर आहे, पण कोनाचं आहे समजून नाई राह्यलं."

जमीनदारी नुकतीच गेली होती, त्या सुमारास मी आलापल्लीजवळच्या एका गावात शिक्षिका होते आणि चैतूभाऊंच्या पडवीलगतची खोली माझी होती. घरधन्याची आणि घरधनिणीची खूण सागाच्या फळीवर कोरून दारावर बसवायची, ही त्यांच्या घराण्याची रीत. नवऱ्याची खूण डावीकडे, बायकोची उजवीकडे. पुढे गावातले लोकही त्यांच्याकडून अशा फळ्या करून घेऊ लागले. मात्र बायकोची खूण तिने स्वतः सांगायची, हा चैतूभाऊंचा हट्ट.

एकदा चांद्याचा एक लाकडाचा ठेकेदार आला. त्याला तिथल्या गोंड राजांच्या किल्ल्याच्या दरवाजावर आहे तसा सिंह हवा होता.

"सिंव्ह कवा पायला तुमी?"

"पाहिला नाही कधी."

"मंग त्याले दारावर काऊन बसवून राह्यले? राजायचं राजापाशी राहू द्या. घरी जा, बाईले इचारून या."

ठेकेदार फणफणत गेला. आठवडाभराने मुकाट्याने परत आला. बायकोने बैलगाडीचं चाक सांगितलं होतं. लग्नानंतर दोघं एका गाडीत बसूनच या मुलखात आली होती. चैतूभाऊंनी चाक असं कोरलं की ठेकेदार सिंह विसरला.

त्यांच्या स्वतःच्या दारावर मात्र डावीकडे कुळाचं कासव आणि ऐनाच्या झाडाचं पान, अन् उजवीकडे काहीच नव्हतं. एका संध्याकाळी मी विचारलंच.

"वडीलधाऱ्यायसमोर नव्या नवरीशी बोलाची लाज वाटे, बाई. इचारीन, इचारीन म्हनलं. पयल्या पोळ्याले माहेरी गेली, तिथीच तापानं गेली."

"मग मोहाचं फूल तरी कोरा. कुणाला आवडत नाही?"

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मी कोरलं त ते माह्यंच होईल. तिचं कसं होईल?"

त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. पण गावात नवी सून आली की हे हातातलं काम टाकून तिच्यापुढे जाऊन बसत. "सांग माय, तुले काय पायजे?" पोरगी लाजली तर ती बोलेपर्यंत उठत नसत. मला तेव्हा हसू येई. आता येत नाही.

माझी बदली झाली. पुन्हा जाणं झालं तेव्हा चैतूभाऊ नव्हते. पुतण्याने पाणी दिलं. मी दाराशी उभी राहिले. कासव आणि पान धुरानं काळं पडलं होतं. उजवी बाजू मात्र तेल चोळल्यासारखी चकाकत होती.

"काका बाहेर जाताना रोज तिथी हात लावे," पुतण्या म्हणाला. "कासवाले नाई, जिथी काईच नाई तिथी. काऊन, ते आमाले समजलंच नाई."

मला समजलं होतं. माझाही हात वर गेला, पण मी तो मागे घेतला. ती जागा त्या बाईची होती.